सहसंबंध गुणांकाची सार्थकता : पावसाच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रस्तावना

आपल्या विद्यापीठीय संशोधनात तारकाचिन्हाला जे माहात्म्य प्राप्त झाले आहे, त्याची चिकित्सा क्वचितच होते. शिक्षणशास्त्र, वाणिज्य, मानसशास्त्र वा समाजशास्त्र यांपैकी कोणत्याही शाखेतील प्रबंधिका उघडावी. चौथ्या प्रकरणात सहसंबंध गुणांकांचे कोष्टक असते, काही गुणांकांच्या मस्तकी एक वा दोन तारे असतात आणि कोष्टकाखाली '०.०५ स्तरावर सार्थक' अशी टीप असते. पाचव्या प्रकरणातील निष्कर्ष या ताऱ्यांच्या आधारे लिहिले जातात. ज्यांना तारा लाभलेला नाही, ते गुणांक तेथेच विस्मृतीत जातात. प्रस्तुत लेखकाची एम.फिल.ची प्रबंधिका यास अपवाद नाही. तीत किती गुणांक सार्थक ठरले याचा उल्लेख आहे. एकूण किती तपासले याचा उल्लेख नाही. मार्गदर्शकांनी, बहिःस्थ परीक्षकांनी वा स्वतः लेखकाने त्या वेळी तो प्रश्न उपस्थित केला नव्हता. एम.फिल. ही पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनंतर बंद झाली; तथापि ती कोष्टके ग्रंथालयाच्या कपाटांत आहेत, त्यांतून लेख निर्माण झाले आहेत व त्या लेखांचे संदर्भ पुढील प्रबंधांत घेतले जात आहेत.

या प्रश्नाची चर्चा केवळ सूत्रांच्या आधारे करणे शक्य आहे. परंतु महाराष्ट्रात या विषयाचे एक प्रत्यक्ष उदाहरण घडलेले आहे व ते प्रत्येक शेतकऱ्याच्या आणि प्रत्येक उपनगरवासीयाच्या जिव्हाळ्याचे आहे. पुण्याच्या शिवाजीनगर भागातील ज्या वास्तूस लोक आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात, त्या हवामानखात्याच्या कचेरीशी हे उदाहरण निगडित आहे. खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले व नाव मात्र मागे चिकटून राहिले.

चाचणी नेमके काय सांगते

सार्थकतेच्या चाचणीचे विधान अत्यंत मर्यादित आहे. समग्रात दोन चलांचा सहसंबंध शून्य आहे, अशी शून्य परिकल्पना आपण क्षणभर सत्य मानतो. नमुन्यातील निरीक्षणे यादृच्छिक रीतीने निवडलेली व परस्परांपासून स्वतंत्र आहेत, तसेच चलांचे वितरण प्रसामान्य स्वरूपाचे आहे, असेही गृहीत धरतो. असे असताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा गुणांक किती वेळा मिळेल, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर चाचणी देते. हे प्रमाण शंभरात पाचांहून कमी असेल तर गुणांक ०.०५ स्तरावर सार्थक म्हणावयाचा. 'हा संबंध खरा असण्याची शक्यता ९५ टक्के आहे' असा जो अर्थ आपल्याकडे सर्रास लावला जातो, तो या विधानात कोठेही नाही. चाचणी शून्य परिकल्पनेला सत्य मानूनच सुरू होते. ती सत्य असण्याची शक्यता किती, हे तिला विचारताच येत नाही.

दुसरी गोष्ट नमुन्याच्या आकाराची. दहा जोड्यांवरून काढलेला गुणांक सार्थक ठरण्यासाठी तो ०.६३२ च्या वर असावा लागतो. तीस जोड्यांना ०.३६१ पुरतो, बासष्ट जोड्यांना ०.२५० आणि ४०२ जोड्यांना अवघा ०.०९८. या शेवटच्या गुणांकाचा वर्ग केल्यास असे दिसते की, एका चलातील विचरणाचा एक टक्का भागही दुसऱ्या चलाने स्पष्ट होत नाही. तरीही तारा मिळतो. सार्थक म्हणजे महत्त्वाचा, असा मराठी वाचकाचा समज होणे स्वाभाविक आहे, कारण आपल्या भाषेत 'सार्थक' या शब्दाला जन्माचे सार्थक झाल्याचा गंध आहे. संख्याशास्त्राला तो अभिप्रेत नाही.

उलट बाजूने होणारी चूक अधिक निरुपद्रवी वाटते, पण ती तशी नाही. वीस विद्यार्थ्यांच्या नमुन्यात ०.४० गुणांक आला, कोष्टक मूल्य ०.४४४ आहे, म्हणून 'दोन चलांत सहसंबंध नाही' असा निष्कर्ष लिहिला जातो. चाचणीने असे काहीही सांगितलेले नसते. पुरावा अपुरा आहे, एवढेच तिचे म्हणणे असते.

वॉकर यांचा निकष

कार्ल पिअर्सन यांनी १८९६ साली सहसंबंध गुणांकाचे आजचे सूत्र रूढ केले. 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणाऱ्या गॉसेट यांनी १९०८ साली लहान नमुन्यातील गुणांकाच्या वितरणाचा प्रश्न मांडला, फिशर यांनी १९१५ साली तो सोडविला आणि १९२५ च्या आपल्या ग्रंथातून सार्थकतेची कोष्टके संशोधकांच्या हाती दिली. पाठ्यपुस्तकांतील इतिहास येथे संपतो. या दोन टप्प्यांच्या मध्ये, १९१४ साली, भारतीय हवामानखात्याच्या स्मरणिका-मालेत गिल्बर्ट वॉकर यांचे तीनच पृष्ठांचे एक टिपण प्रसिद्ध झाले. त्याचा उल्लेख आपल्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत आढळत नाही, ही खेदाची बाब आहे.

वॉकर हे केंब्रिजचे गणिती. १९०४ साली ते हिंदुस्थानातील वेधशाळांचे प्रमुख झाले व १९२४ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्यापूर्वी हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील हिमवर्षाव व त्यानंतरचा मोसमी पाऊस यांचा संबंध मांडून १८८६ पासून पावसाचे अंदाज देण्यास आरंभ केला होता. वॉकर यांनी हे कार्य सहसंबंध गुणांकाच्या पायावर आणले. जगभरातील ठिकाणांचा वायुभार, तापमान व पाऊस यांच्या नोंदी घेऊन भारतीय पावसाशी त्यांचे गुणांक काढण्याचे प्रचंड काम त्यांच्या कार्यालयात कारकुनांकडून हाताने करून घेतले गेले. संगणक नसताना शेकडो गुणांक काढणारा हा मनुष्य त्या शेकड्यांतील धोका ओळखून होता, हे विशेष.

त्यांचा युक्तिवाद असा. एकच गुणांक काढला व तो मोठा आला, तर त्यास काही अर्थ आहे. परंतु पन्नास गुणांक काढून त्यांतील सर्वांत मोठा निवडला, तर त्यास एकट्या गुणांकाची कसोटी लावता येणार नाही. पन्नासांतील सर्वांत मोठा हा योगायोगानेही मोठाच असणार. त्या काळी 'संभाव्य त्रुटी'च्या तिप्पट गुणांक विश्वसनीय मानण्याची प्रथा होती. शून्य सहसंबंध असताना एकटा गुणांक या मर्यादेपलीकडे जाण्याची संभाव्यता सुमारे ४.३ टक्के येते. आता परस्परांपासून स्वतंत्र असे पन्नास गुणांक घेतल्यास त्यांपैकी किमान एक तरी ही मर्यादा ओलांडण्याची संभाव्यता ८९ टक्के होते. म्हणजे काहीही संबंध नसताना 'शोध' लागण्याची जवळजवळ खात्रीच. निवडीची किंमत चाचणीत मोजली पाहिजे, हे वॉकर यांचे प्रतिपादन होते. पुढे अनेक तुलनांच्या प्रश्नावर संख्याशास्त्रात मोठे वाङ्मय निर्माण झाले. त्याचे बीज भारतातील एका सरकारी खात्याच्या प्रकाशनात आहे.

स्वतः वॉकर यांची समीकरणेही काळाच्या कसोटीवर पूर्णपणे टिकली नाहीत. त्यांच्यानंतर खात्याचे प्रमुख झालेले चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ मधील भाषणात या समीकरणांच्या कामगिरीचा आढावा घेतला, तो पुरेसा निराशाजनक होता. भारतीय मोसमी पाऊस हा पुढे काय घडणार आहे याचा अंदाज करावयास उपयोगी, पण त्याचा स्वतःचा अंदाज करणे अवघड, असा त्यांचा अभिप्राय होता. निकष सांगणाऱ्यालाही निकष पुरा पडत नाही, तो का, याकडे पुढे वळू.

सोळा चलांचे प्रतिमान

१९८८ साली हवामानखात्याने सोळा चलांवर आधारलेले घात-समाश्रयण प्रतिमान वापरात आणले. डॉ. वसंत गोवारीकर हे तेव्हा केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव होते व प्रतिमानास त्यांचे नाव लाभले. मराठी वाचकांना त्याचा सार्थ अभिमान वाटला. एल निनोची स्थिती, हिमालयातील व युरेशियातील हिमाच्छादन, डार्विन येथील वायुभार, अर्जेंटिनातील वायुभार, उत्तर भारतातील किमान तापमान, वरच्या थरातील वारे अशी चले त्यात होती. अर्जेंटिनातील हवेच्या दाबावरून विदर्भातील पेरणीचे भवितव्य सांगितले जाते, यावर त्या काळी वृत्तपत्रांतून थोडीफार थट्टाही झाली. ती थट्टा अज्ञानमूलक होती. वायुभाराचे दूरस्थ संबंध हा वॉकर यांच्यापासून सिद्ध झालेला विषय आहे. आक्षेप अंतराला नसून संख्येला आहे.

मोसमी पावसाच्या बाबतीत एका वर्षाला एकच निरीक्षण मिळते. सर्व चलांच्या विश्वसनीय नोंदी उपलब्ध असलेली वर्षे काही दशकांचीच. तेवढ्या निरीक्षणांवर सोळा चले व त्यांचे घातांक बसवावयाचे, म्हणजे स्वाधीनता मात्रा फारच थोड्या उरतात. असे प्रतिमान भूतकाळाशी अप्रतिम जुळते. जुळणारच, कारण भूतकाळातील योगायोगही त्यात बसविलेले असतात. तशात ही सोळा चले मोठ्या संख्येतून निवडलेली असतील, तर वॉकर यांचा निकष त्यांना लागू होतो. डेलसोल आणि शुक्ला यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, भारतीय पावसाच्या रेषीय अंदाजासाठी दोन-तीन चलांहून अधिक चले घेतल्याने नव्या वर्षांचे अंदाज सुधारत नाहीत.

असे असताना हे प्रतिमान चौदा वर्षे यशस्वी कसे ठरले? येथे प्रस्तुत लेखकास या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोधक भाग दिसतो. १९८८ ते २००१ या चौदा वर्षांत अखिल भारतीय पातळीवर एकही दुष्काळी वर्ष आले नाही. ज्याने कोणतीही आकडेमोड न करता दरवर्षी 'यंदा दुष्काळ नाही' एवढेच सांगितले असते, तोही चौदा वेळा बरोबर ठरला असता. प्रतिमानाची परीक्षाच झाली नव्हती. ती २००२ साली झाली. दीर्घकालीन सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता. प्रत्यक्षात ८१ टक्के पडला आणि जुलैचा पाऊस सरासरीच्या जेमतेम निम्मा होता. पेरणी करून बसलेल्यांसाठी ही केवळ संख्याशास्त्रीय त्रुटी नव्हती.

खात्याने २००३ साली आठ व दहा चलांची नवी प्रतिमाने स्वीकारली. जुन्या चलांपैकी काहींचा पावसाशी असलेला सहसंबंध क्षीण झाल्याचे आढळल्यामुळे ती वगळण्यात आली. २००४ साली अंदाज १०० टक्क्यांचा होता, पाऊस ८७ टक्क्यांच्या घरात राहिला. २००७ पासून आणखी कमी चलांची व अनेक प्रतिमाने एकत्र करणारी पद्धत आली आणि २०२१ पासून जागतिक हवामान प्रतिमानांच्या समूहावर भर देण्यात येऊ लागला. गोवारीकर यांच्या कार्याचे मोल यामुळे उणावत नाही. त्यांनी संख्यात्मक व जाहीर अंदाज दिला, म्हणूनच तो चुकला असे म्हणता आले. आपल्या प्रबंधिकांतील निष्कर्ष चुकू शकत नाहीत, कारण दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या वर्गावर ते कोणी तपासून पाहत नाही.

बदलता सहसंबंध आणि एक दिवस

सहसंबंध 'क्षीण झाला' हे विधानही तपासून घेणे आवश्यक आहे. १९९७ साली प्रखर एल निनो असताना भारतात पाऊस सरासरीहून किंचित अधिक पडला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील कृष्णकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली एल निनो व भारतीय पाऊस यांचा संबंध दुर्बल होत असल्याचे प्रतिपादन केले. त्यास २००१ साली गेर्शुनोव, श्नायडर व बार्नेट यांनी वेगळ्याच बाजूने उत्तर दिले. दोन श्रेणींतील खरा सहसंबंध कायम असला तरी सरकत्या कालखंडांवर काढलेले गुणांक योगायोगानेच वरखाली होतात आणि दिसलेला चढउतार त्या मर्यादेबाहेरचा नाही, असे त्यांनी दाखविले. गुणांकाची सार्थकता तपासणे पुरेसे नाही, दोन गुणांकांतील फरकाचीही तपासावी लागते, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देण्यासाठी क्वचितच मिळेल. दोहोंपैकी कोणाचे म्हणणे अंतिमतः ग्राह्य ठरेल यावर प्रस्तुत लेखकाने मत देणे अनधिकारी होईल. परंतु पहिला लेख वाचून दुसरा न वाचणारा अभ्यासक अर्धाच सुशिक्षित राहील.

कालश्रेणींच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. लागोपाठची वर्षे परस्परांपासून स्वतंत्र नसतात. वाढत जाणाऱ्या कोणत्याही दोन श्रेणी घ्या, त्यांचा सहसंबंध उच्च येतो. यूल यांनी १९२६ सालीच अशा 'निरर्थक' सहसंबंधांची मीमांसा केली आहे. आपल्याकडील वाणिज्यविषयक लेखांत दहा वर्षांच्या ठेवी व दहा वर्षांची कर्जे यांचा ०.९८ गुणांक दोन ताऱ्यांसह झळकत असतो. त्याहून टोकाचे उदाहरण जनगणनेचे. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली आणि उपनगर जिल्ह्याची ८६.४० लाखांवरून ९३.५७ लाखांवर गेली. या दोन बिंदूंवरून शहर व उपनगर यांचा सहसंबंध काढला तर तो उणे १ येईल. कोणत्याही दोन बिंदूंतून सरळ रेषा जातेच. शहरातील गिरणगावाची माणसे मुलुंड-बोरिवलीकडे सरकली, हे खरे असू शकेल, पण ते या गुणांकाने सिद्ध होत नाही.

प्रसामान्य वितरणाच्या गृहीतकाविषयी उपनगरातील वाचकास फार सांगावे लागणार नाही. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. सुमारे पंचवीस किलोमीटरवरील कुलाबा वेधशाळेत ती ७३ मिलिमीटर होती. आता त्या जुलै महिन्यातील दररोजचा पाऊस घेऊन कुलाबा व सांताक्रूझ यांचा सहसंबंध गुणांक काढला, तर काय होईल? सांताक्रूझच्या विचरणाचा बहुतांश भाग एकट्या त्या दिवसाचा असेल. उरलेल्या तीस दिवसांची साक्ष जवळजवळ बाद होऊन, 'त्या एका दिवशी कुलाब्यास सरासरीहून किती अधिक पाऊस झाला' याच प्रश्नाचे उत्तर गुणांक देऊ लागेल. संगणक मात्र एकतीस जोड्या मोजून, एकोणतीस स्वाधीनता मात्रांवर, निःशंकपणे सार्थकता छापील. विकिरण आलेख काढला तर हे एका दृष्टिक्षेपात कळते. आपल्या प्रबंधिकांत कोष्टके असतात, विकिरण आलेख नसतात. अशा ठिकाणी गुणानुक्रमांवर आधारित स्पीअरमन यांचा गुणांक काही प्रमाणात उपकारक ठरतो, परंतु तो निवडण्यासाठी आधी आलेख पाहावा लागतो.

उपनगरातील वर्गखोली

आता पुन्हा प्रबंधिकेकडे. समजा, घाटकोपर वा अंधेरी येथील एका महाविद्यालयातील बासष्ट विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. चले पंधरा : लोकल प्रवासाचा वेळ, घरातील व्यक्तींची संख्या, आईचे शिक्षण, ग्रंथालयाचा वापर, आत्मसंकल्पना, संपादन इत्यादी. पंधरा चलांच्या जोड्या १०५ होतात. कशाचाही कशाशी संबंध नसला, तरी ०.०५ स्तरावर सरासरी पाच गुणांक सार्थक ठरणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात सात ठरले, तर सातही निष्कर्ष म्हणून लिहिले जातात. त्यांतील सर्वांत मोठा, समजा प्रवासाचा वेळ व ग्रंथालयाचा वापर यांचा उणे ०.४१, लेखाचे शीर्षक होतो. वॉकर यांच्या न्यायाने १०५ गुणांकांतून निवडलेल्या गुणांकाने ०.२५ नव्हे तर सुमारे ०.४३ ची मर्यादा ओलांडली पाहिजे. येथे तो ती ओलांडत नाही.

याचा अर्थ प्रवासाचा व ग्रंथालयाचा संबंध नाही असा नव्हे. विरार वा बदलापूरहून येणारी मुलगी ५.४० ची गाडी पकडण्यासाठी ग्रंथालय सोडते, हे आपण रोज पाहतो. तो संबंध बहुधा आहेच. पण मग तो आपल्याला आधीच ठाऊक होता. तसा तो आधी लिहून, तेवढा एकच तपासला असता, तर उणे ०.४१ या गुणांकाने त्यास भक्कम आधार दिला असता. शंभर चाळणीतून गाळल्यावर तोच आकडा दुबळा होतो. संशोधकाने केव्हा काय ठरविले यावर आकड्याचे वजन अवलंबून असते, ही गोष्ट अनेकांना अन्यायकारक वाटते. प्रस्तुत लेखकालाही ती पचनी पडण्यास वेळ लागला.

विश्वास-अंतराळ देण्याची प्रथा पडली तरी बरेच साधेल. बासष्टांच्या नमुन्यातील ०.३१ हा गुणांक सार्थक आहे. त्याचे ९५ टक्के विश्वास-अंतराळ मात्र ०.०७ ते ०.५२ असे पसरलेले आहे. 'मध्यम स्वरूपाचा धन सहसंबंध' हे ठरीव वाक्य लिहिणाऱ्याने हा पल्ला शेजारी लिहावा व मग ते वाक्य पुन्हा वाचावे.

याहूनही मूलभूत प्रश्न नमुन्याचा. बासष्ट विद्यार्थी कोणत्या समग्रातून यादृच्छिक रीतीने निवडले? उत्तर असे की, ते त्या दिवशी वर्गात हजर होते. पावसाळ्यात रुळांवर पाणी साचलेल्या दिवशी प्रश्नावली वाटली असती, तर प्रवासाचा वेळ अधिक असलेले नेमके विद्यार्थीच नमुन्यातून गळाले असते. 'मुंबई उपनगरातील महाविद्यालयीन विद्यार्थी' हे समग्र आपण शीर्षकात लिहितो. चाचणीला त्याची काहीच माहिती नसते.

अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने २०१६ साली सार्थकतेच्या या गैरवापरांविषयी निवेदन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याची चर्चा जगभर झाली. आपल्या महाविद्यालयांत ती पोहोचली नाही, याचे कारण अज्ञान हे एकच नाही. पदोन्नतीसाठी लेखांची गणना २०१० च्या विनियमांपासून सुरू झाली. ज्या कोष्टकात एकही तारा नाही ते घेऊन कोठे जावे, हा अध्यापकापुढील व्यावहारिक प्रश्न आहे. एका चर्चासत्रात प्रस्तुत लेखकाने अशी सूचना मांडली होती की, प्रत्येक सहसंबंध-कोष्टकाखाली 'एकूण तपासलेले गुणांक' ही एक ओळ छापणे संपादकांनी बंधनकारक करावे. सूचना कोणी फेटाळली नाही. चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हळूच विचारले, "सर, मग आपल्या अंकात लेख किती उरतील?" तो अंक चाळून पाहिला तेव्हा सहसंबंध वापरणारे चार लेख होते, आणि ती ओळ लिहिता येईल एवढी माहिती त्यांपैकी एकातच होती.